रेडवूड पाहून आल्यावर

बायको गेली तेव्हा मला रडू आलं नाही. सकाळी तिनं दूध तापत ठेवलं, ओट्याला धरून खाली बसली, आणि आम्ही दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं झालेलं होतं. मेंदूत रक्तस्राव, असं डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली. शेजारी दादा उभा होता, त्यानंही मान हलवली. मग आम्ही दोघं भाऊ बाकावर बसून राहिलो आणि लोक येत गेले.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्यानं लग्न केलं नाही, आमच्याच घरात राहतो. कोल्हापूरच्या टिंबर मार्केटात आमची वडलांपासूनची लाकडाची वखार आहे, शेजारीच करवतीची गिरणी. वखारीचं सगळं दादा बघतो आणि उभी झाडं बघायला जायचं काम माझं. कुणाच्या बांधावर साग असतो, कुणाचा जुना आंबा वठायला आलेला असतो. विकायचा झाला की ते फोन करतात. मी जातो, छातीच्या उंचीला बुंध्याभोवती टेप फिरवतो, वर बघतो, कुठं वाकलंय, कुठं पोकळ वाजतंय ते बघतो आणि किती घनफूट लाकूड निघेल ते सांगतो. पुढं पुढं टेप नुसती नावाला राहिली. झाड दिसलं की आकडा आपोआप डोक्यात यायचा. आजऱ्याला लग्नाला जाताना गाडी चालवता चालवता माझी मान रस्त्याकडेच्या झाडांकडं वळायची आणि शेजारून बायको ओरडायची, "समोर बघा की! लग्नाला पोचायचंय आपल्याला."

दिवसकार्य झाल्यावर मी वखारीत जाऊन बसायला लागलो. लोक म्हणायचे, रडून घ्या, मोकळं वाटंल. मी हो म्हणायचो. जेवणात मीठ कमी का जास्त ते कळायचं नाही. करवतीच्या आवाजाचा आधी कधी त्रास व्हायचा, तोही होईना. दुःख होत होतं असंही म्हणता येणार नाही. बधिर केलेल्या दाढेवरून जीभ फिरवावी तसं काहीसं होतं. तिथं काहीतरी आहे हे कळायचं, पण आपलं वाटायचं नाही.

माझी एकुलती एक लेक अमेरिकेत कॅलिफोर्नियात असते. आईच्या वेळी येऊन गेली होती. उन्हाळ्यात तिनं हट्टानं मला तिकडं नेलं. जावई सज्जन माणूस. दोघं सकाळी कामाला जायचे आणि मी खिडकीत बसायचो. लग्न होऊन इतक्या लांब गेली तरी लेक अजून कोल्हापूरच्या पोरींसारखी 'मी येतो, मी जातो' असंच म्हणते. एका शनिवारी म्हणाली, "पप्पा, आज मी तुम्हाला झाडं दाखवायला नेतो. उठा की."

"झाडं काय बघायची?"

"तुम्ही आयुष्यभर झाडंच बघितलीत. ही बघितली नाहीत."

बराच वेळ गाडी समुद्राच्या बाजूनं गेली, मग डोंगरात शिरली. धुकं होतं. धुकं मला नवीन नाही. राधानगरीच्या पुढं पावसाळ्यात हाताच्या अंतरावरचं माणूस दिसत नाही, त्यातनं मी कितीदा जीप नेली आहे. पण हे धुकं उंच होतं, अधांतरी. खाली सगळं स्वच्छ दिसत होतं आणि झाडं वर त्याच्यात शिरून नाहीशी झाली होती. लेक म्हणाली, "इथं उन्हाळ्यात पाऊस पडत नाही. हे धुकं पानांवर जमतं, थेंब थेंब खाली गळतं, त्याच्यावर ही झाडं तगतात."

रेडवूड म्हणजे तांबडं लाकूड. साल तांबूस, काथ्यासारखी तंतूंची, आणि हातभर जाड वाटावी अशी. आमच्या वखारीचं ऑफिस जेवढं आहे तेवढा एकेकाचा बुंधा. मी सवयीनं बुंध्यावरून नजर वर नेली. फांदी कुठं सुरू होते ते बघायचं असतं, तिथपर्यंत सरळ लाकूड धरतात. नजर वर गेली, गेली, आणि फांदी येण्याआधी धुकं आलं. मी परत खालून सुरुवात केली. परत तेच. आकडा आलाच नाही. मी थोडा वेळ थांबलो, येईल म्हणून. नाही आला. नाव तोंडावर असून आठवू नये तसं झालं, आणि मग मी नाद सोडला.

लेक माझ्या तोंडाकडं बघत होती. "काय वाटलं पप्पा?"

"मोठी आहेत," मी म्हणालो.

तिचा चेहरा उतरला. ती एवढी लांब गाडी चालवून आली होती, तिला माझ्याकडून काहीतरी हवं होतं. मलाही द्यायचं होतं. पण नव्हतंच, तर कुठून देणार? ती म्हणाली, "आईला आणायचं होतं इथं." मी म्हणालो, "हं." मग आम्ही चालत राहिलो.

झाडांमधून फळ्यांची वाट केलेली होती, जमिनीपासून जरा वर उचललेली. खाली उतरायचं नाही अशा पाट्या होत्या. वाटेवर एका वळणाला एक म्हातारी बाई उभी होती. डोक्यावर टोपी, छातीला बिल्ला. अशा कामाला तिथं निवृत्त माणसं हौसेनं येतात म्हणे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती माहिती सांगत होती. लेकीनं तिला सांगितलं, हे माझे वडील, भारतातून आलेत, यांचा लाकडाचा व्यापार आहे. मला वाटलं, आता ही बाई तोंड फिरवेल. तिनं माझा हात हातात घेतला आणि काहीतरी बोलली. लेकीनं सांगितलं, "त्या म्हणतात, त्यांचे आजोबा हीच झाडं तोडायचे. जन्मभर तोच धंदा."

मग तिनं आम्हाला एका खोडाजवळ नेलं. झाड फार पूर्वी तोडलेलं. माणसाच्या डोक्यावर जाईल एवढ्या उंचीवरून कापलं होतं, कारण खाली बुंधा इतका रुंद की त्या काळच्या करवती पुरायच्या नाहीत. खोडाला दोन्ही बाजूंनी खाचा होत्या. त्या खाचांत फळ्या ठोकून, त्यांच्यावर उभं राहून माणसं करवत ओढायची. हे मात्र मला लगेच समजलं. मी खाचेत हात घालून बघितला.

"लाकूड कसं?" मी विचारलं. लेकीनं विचारून सांगितलं, "हलकं, सरळ रेषेचं. कुजत नाही, कीड लागत नाही."

"मग राहतंय कशाला," मी म्हणालो.

लेकीनं हे भाषांतर करून सांगितलं तशी म्हातारी हसली. म्हणाली, अगदी तसंच झालं. शहरं उभी राहिली ती या झाडांवर. घरं, पूल, रेल्वेखालचे ओंडके, सगळं. डोंगरच्या डोंगर मोकळे झाले. फार थोडी जुनी झाडं उरली तेव्हा लोकांना जाग आली आणि मग त्यांनी वर्गणी काढून, एक एक तुकडा विकत घेऊन ती राखली. आता कुऱ्हाडीची भीती कमी झाली, पण वणवे पूर्वीपेक्षा मोठे लागतात. धुकंही पूर्वीसारखं राहत नाही म्हणाली. आणि भीती आमची, बघायला येणाऱ्या माणसांची, आमच्या पायांची. एवढं थोरलं झाड, पण त्याची मुळं खोल जात नाहीत. ती आडवी पसरतात, लांबपर्यंत, आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. त्या गुंत्यावर ती वाऱ्यात उभी राहतात. वरून माणसं चालत राहिली की माती दगडासारखी घट्ट होते आणि झाड आतून उपाशी मरतं. म्हणून फळ्यांची वाट.

मी ऐकलं. माहिती म्हणून चांगली होती. निघताना त्या बाईनं मला विचारलं, तुमच्याकडं अशी जुनी झाडं आहेत का? मी म्हणालो, आहेत, देवाच्या रानात. देवाचं रान म्हणजे काय, हे लेक तिला बराच वेळ सांगत होती. मी पुढं जाऊन गाडीपाशी उभा राहिलो.

पावसाळ्याआधी मी परत आलो. पाऊसकाळ गेला, दिवाळी झाली. एक दिवस दादा म्हणाला, "राधानगरीच्या वरल्या अंगाला एक गाव हाय, त्यांच्या देवराईतली झाडं काढायची हायत. देऊळ नवीन बांधत्यात. बघून येऊया. मी बी येतो."

दादा सहसा कधी येत नाही. मी जीप काढली. धरणाची बाजू सोडून वर चढलो. भातं कापून झाली होती, खाचरांत नुसते बुडखे. गावात देवस्थान मंडळाचे अध्यक्ष वाट बघत होते. धिप्पाड माणूस, पांढरी टोपी, आवाज असा की पलीकडच्या डोंगरावर ऐकू जावा. "या पावणं, या! च्या घेणार का आधी झाडं बघणार?"

"झाडं बघू," दादा म्हणाला.

देवराई गावाच्या वरच होती. आत शिरल्यावर ऊन संपलं. पायाखाली पानांचा थर, वर वेलींचे दोरखंड. मध्यभागी छोटं कौलारू देऊळ, आत दगडाची देवी, आणि देवळाच्या मागं एका खडकातून पाणी झिरपत होतं. एक बाई त्या पाण्याखाली कळशी लावून उभी होती. आम्हाला बघून ती बाजूला सरली, पण गेली नाही.

अध्यक्षांनी दाखवलं. देवळापुढं सभामंडप घालायचा, म्हणून पुढल्या बाजूची किंजळीची झाडं जाणार. आणि देवळामागं, पाण्याच्या वर, एक ऐन होता. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी असते, भेगा पडून चौकोन चौकोन झालेली. असे ऐन मी पुष्कळ बघितले आणि पुष्कळ आणले. पण एवढा नव्हता बघितला. चार माणसांनी हात धरले असते तरी कवेत आला नसता.

"ह्यो बी काढायचा," अध्यक्ष म्हणाले. "देवळाला स्लॅब पडणार, मुळ्या भितीत घुसत्यात. परवानगीचं आमी बघतोय. तुमी फकस्त सांगा, किती निघंल."

दादा माझ्याकडं बघत होता. मी खिशातून टेप काढली, एक टोक सालीवर धरलं. साल खरखरीत होती, गार होती. मी वर बघितलं. पहिली फांदी स्वच्छ दिसत होती. आकडा आला, ठळक आला, शेवटपर्यंत. आणि मला तो सांगावासा वाटला नाही. हे दयेपोटी झालं असं मी म्हणणार नाही. तेव्हा माझ्यात दया म्हणण्याजोगं काही शिल्लक नव्हतं. तोंड उघडलं ते वेगळंच बोललं.

"हे मी घेत न्हाय."

"आँ?" अध्यक्ष म्हणाले. "पोकळ हाय व्हय?"

"न्हाय. चांगलं हाय."

"मग?"

मग काय, हे मलाही माहीत नव्हतं. मी त्यांना सांगायला लागलो की मी अमेरिकेला गेलतो, तिथं डोंगराएवढी झाडं आहेत. आधी त्यांनी सगळी तोडली आणि मग उरलेली राखायला वर्गणी काढून जमीन विकत घेतली. मला असं बोलायची सवय नाही. वाक्यं तुटत होती. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्यांदा हसले.

"येडी माणसं. आमी कशाला इकत घ्याचं? आमचंच हाय की."

"मग ठेवा की," मी म्हणालो.

ते हसायचे थांबले. कळशी घेऊन उभी असलेली बाई म्हणाली, "पावणं बरोबर बोलत्यात. ऐन पाडल्यावर ह्यो झरा ऱ्हातोय का बघा. मग गावानं पाणी कुठनं आणायचं?"

"तू गप. मंडळ बघून घील."

"मंडळ कळशी घिऊन येत न्हाय वर," ती म्हणाली आणि कळशी डोक्यावर घेऊन निघून गेली.

आम्ही चहा न घेता निघालो. घाट उतरला. मग दादा एकदम सुटला. "तुला झालंय काय? माणसं बोलावत्यात, आपण जातोय, आणि तू त्यास्नी अमेरिका सांगतोस? आपण न्हाय घेतलं तर दुसरा घील. झाड ऱ्हाणार हाय व्हय त्यानं?"

"न्हाय ऱ्हाणार."

"मग कशासाठी केलंस?"

"न्हाय घ्यायचं म्हणजे न्हाय घ्यायचं!" मी ओरडलो. स्टिअरिंगवर हात आपटला. जीप जरा हेलकावली. मला राग आला होता. दादाचा, त्या अध्यक्षांचा, दवाखान्याचा, ओट्यावर करपलेल्या दुधाचा. कित्येक महिन्यांत अंगात पहिल्यांदा काहीतरी गरम झालं होतं. ते पुढच्या वळणापर्यंत टिकलं आणि गेलं.

दादा म्हणाला, "गाडी थांबव."

रस्त्याकडेला चहाची टपरी होती. आम्ही बाकड्यावर बसलो. चहा आला. दादानं कप उचलला आणि परत ठेवला. "ती गेल्यापासनं मला घरात कोण ओरडत न्हाय," तो म्हणाला. "रोज ओरडायची. बनियन फाटलंय, गोळी घेतली न्हायसा, बाहेरनं आलाय, पाय धुवा. आता आज तू ओरडलास." आणि तो रडायला लागला. सत्तरीचा माणूस, टपरीवर, चारचौघांत. खांदे हलत होते. टपरीवाल्यानं माझ्याकडं बघितलं आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

मी दादाच्या पाठीवर हात ठेवला. चाळीसएक वर्षं माझ्या बायकोच्या हातचं जेवलेला माणूस. त्याचंही कुणी गेलं होतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. लोक येऊन माझंच सांत्वन करून गेले, त्याला कुणी विचारलं नाही. हे सगळं मला नीट कळत होतं, पण कळण्यापलीकडं काही होत नव्हतं. हात पाठीवर ठेवून मी बसून राहिलो. चहा गार झाला, टपरीवाल्यानं न सांगता दुसरा दिला.

झाडांचं पुढं असं झालं. किंजळी गेल्या. दुसऱ्या कुणीतरी नेल्या, ट्रक भरून. ऐनावरून मात्र गावात भांडण लागलं. ती कळशीवाली बाई घरोघर फिरली म्हणे. पाणी आणणाऱ्या सगळ्या बायका मंडळाच्या बैठकीत जाऊन बसल्या, ज्या आजवर कधी बसल्या नव्हत्या. स्लॅब दोन हात अलीकडं घ्यायचा ठरला. हे मला अध्यक्षांनीच फोन करून सांगितलं, जणू मी तक्रार केली होती. वर म्हणाले, "आता ऐनाच्या बुडाला झकास कट्टा बांधतोय. चौफेर शहाबादी फरशी. बसायला ब्येस हुईल."

मी म्हणालो, "फरशी घालू नका. मुळं वर असत्यात, माती दाबली की झाड मरतंय."

"आता फरशी बी न्हाय? पावणं, तुमी लाकूडवालं का जंगलवालं?"

"लाकूडवालाच हाय. म्हणून सांगतोय."

मी पुन्हा गेलो. दादाला म्हणालो, येतोस का, तर तो चपला घालून आधीच जीपजवळ. तिथं निम्म्या बाजूची फरशी झालेली होती. ती काढायला ते तयार झाले नाहीत. उरलेली निम्मी बाजू, झऱ्याकडची, उघडी ठेवायचं कबूल केलं. आम्ही वखारीतून सागाचे तुकडे, जुने वासे नेले आणि त्या बाजूला एक आडकाठी करून दिली, की जत्रेतली माणसं तिकडं तुडवायला जाऊ नयेत. दादा स्वतः खिळे ठोकत बसला. त्याचं बोट चेचलं, तर कळशीवाल्या बाईनं त्याला हळद आणून दिली आणि म्हणाली, "वय काय, करतासा काय." दादाला ते आवडलं असावं. घरी येईपर्यंत दोनदा सांगितलं.

निम्म्या उघड्या मातीवर एवढं मोठं झाड जगतं का, हे मला माहीत नाही. लेकीला विचारलं. ती म्हणाली, त्या म्हाताऱ्या बाईंना विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही. दादा म्हणतो तसं, आपण नाही तर दुसरा कुणीतरी आहेच. पुढच्या वर्षी अध्यक्ष बदलतील, नवे येतील, त्यांना आणखी एक मंडप घालायचा असेल. मी वखार बंद केलेली नाही. झाडं बघायला अजून जातो, टेप फिरवतो, सांगतो. बांधावरचा साग हा लावलेलाच विकायला असतो. देवाच्या रानात मात्र टेप घेऊन जात नाही. त्यासाठी फोन आला तर नाही म्हणतो, आणि दादा शेजारी बसून रेडिओ मोठा करतो.

माघात तिथली जत्रा झाली. आम्हा दोघांना बोलावणं होतं. नव्या मंडपात पंखे लावले होते, ढोल वाजत होता, पोरं फुगे घेऊन पळत होती. अध्यक्षांनी आम्हाला नारळ दिले आणि माईकवरून ओरडून आमची ओळख करून दिली, चुकीचं गाव सांगून. मी झऱ्याकडच्या बाजूला गेलो. पाणी येत होतं. पानांवर पानं पडून माती दिसत नव्हती. कुणीतरी आडकाठीवर ओलं धोतर वाळत घातलं होतं.

दादानं हाक मारली, पंगत बसतीय म्हणून. आम्ही शेजारी शेजारी बसलो. भात, आमटी, खीर. खिरीत साखर फार होती. दादा म्हणाला, "लई गोड केलीया." मी म्हणालो, "व्हय." ती होतीच गोड.